उदंचन प्रकल्पातील टर्बाइन: कार्यक्षमता वाढवायची ती नेमकी कुठे?

प्रश्न: उदंचन जलविद्युत प्रकल्पात १०० युनिट वीज खर्चून पाणी वरच्या जलाशयात चढवले, तर परत सुमारे ७५ ते ८० युनिटच मिळतात, असे वाचनात आले. सौर आणि पवन ऊर्जेची साठवण या प्रकल्पांवर सोपवायची असेल, तर टर्बाइन अधिक कार्यक्षम करून ही घट भरून काढता येणार नाही का? (अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी)

उत्तर: काही अंशी येईल, मात्र टर्बाइनची सर्वोच्च कार्यक्षमता आणखी वाढवून फारसे काही साधणार नाही, असे माझे मत आहे. आधी हिशेब पाहू. ट्रान्सफॉर्मर ९९.५ टक्के, मोटर ९८.५ टक्के, पंप ९२ टक्के आणि पाण्याचे बोगदे ९८.५ टक्के कार्यक्षम आहेत असे गणितापुरते धरले, तर पाणी वर नेताना या सर्वांचा गुणाकार ८९ टक्क्यांच्या आत येतो. पाणी खाली सोडून वीज निर्माण करताना तेवढीच घट पुन्हा सोसावी लागते आणि एका फेरीअखेर ७८.९ टक्के ऊर्जा हाती राहते. आता टर्बाइन ९२ ऐवजी ९३ टक्के कार्यक्षम केले, तरी ७८.९ चे जेमतेम ७९.७ होतात. आजची चांगली यंत्रे या टोकाला आधीच पोहोचलेली असल्यामुळे तो एक टक्का मिळवणेही सोपे नाही.

खरी गळती आहे ती यंत्र आपल्या सर्वोत्तम बिंदूपासून दूर चालते तेव्हा. अशा प्रकल्पांत बहुधा एकच फ्रान्सिस पद्धतीचे यंत्र एका दिशेने फिरताना पंप आणि उलट दिशेने फिरताना टर्बाइन म्हणून काम करते. पंप चालू असताना पाणी वाढत्या दाबाविरुद्ध जात असते आणि पात्यांपासून सुटण्याची त्याची प्रवृत्ती असते. म्हणून रनरचा, म्हणजे यंत्रातील पात्यांच्या फिरत्या चाकाचा, आकार मुख्यतः पंपाची सोय पाहून ठरवला जातो. त्याच उंचीसाठी पंपाला जो वेग लागतो, त्यापेक्षा टर्बाइनला सोयीचा वेग कमी असतो. परंतु ग्रीडच्या वारंवारितेशी बांधलेले यंत्र दोन्ही दिशांना एकाच वेगाने फिरते, त्यामुळे टर्बाइनच्या वाट्याला कायमची तडजोड येते. त्यात वारा आणि ऊन यांच्या चढउतारानुसार भार अर्ध्यावर आणावा लागला, की रनरमधून बाहेर पडणारे पाणी भोवऱ्यासारखे फिरत ड्राफ्ट ट्यूबमध्ये (रनरखालून पाणी बाहेर नेणाऱ्या नळीत) उतरते, दाबाचे हिसके बसू लागतात आणि कार्यक्षमता घसरते. वरच्याच उदाहरणात टर्बाइन ९२ वरून ८२ टक्क्यांवर आले, तर फेरीअखेर ७० टक्केच उरतात.

यावरचा सर्वांत उपयोगी उपाय म्हणजे बदलत्या वेगाचे यंत्र. जनित्राच्या फिरत्या भागाला कन्व्हर्टरमधून हव्या त्या वारंवारितेची वीज पुरवली, की ग्रीडची वारंवारिता न बिघडवता वेग काही टक्के कमी-जास्त करता येतो. शिवाय एकूण शक्तीचा थोडाच हिस्सा कन्व्हर्टरमधून जात असल्याने तो लहान ठेवता येतो. जपानमधील यागिसावा येथे असा संच १९९० साली सुरू झाला, तर जर्मनीतील गोल्डिस्थालच्या प्रत्येकी २६५ मेगावॉटच्या चार संचांपैकी दोन या प्रकारचे आहेत. पूर्ण भारावर कन्व्हर्टरमधील घटीमुळे असे यंत्र किंचित मागेही पडू शकते. त्याचा खरा लाभ कमी भारावर आणि त्याहून अधिक पंप चालवताना होतो. ठरावीक वेगाचा पंप एक तर ठरलेली वीज खेचतो, नाही तर बंद राहतो. २५० मेगावॉटचा पंप असताना सौर प्रकल्पांची जादा वीज १८० मेगावॉटच असेल, तर उरलेली वीज दुसरीकडून आणावी लागते किंवा हातातली १८० सोडून द्यावी लागते. पंपाला लागणारी शक्ती साधारणपणे वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते, म्हणून वेग १० टक्के कमी केल्यास मागणी चतुर्थांशाहून थोडी अधिक उतरते. मात्र वेग फार उतरवला तर पाणी वर चढणारच नाही, ही मर्यादा सुटत नाही.

दुसरा मार्ग टर्बाइन आणि पंप वेगवेगळे ठेवून दोन्ही एकाच आसावर बसवण्याचा. ऑस्ट्रियातील कॉप्स-२ मध्ये अशी रचना असून तेथे पेल्टन टर्बाइन (पाण्याचा झोत वाट्यांवर आदळून फिरणारे) आहेत. प्रत्येक यंत्र आपापल्या कामासाठी घडवता येते आणि गरजेनुसार दोन्ही एकाच वेळी चालवून ग्रीडकडून घ्यायची वीज नेमकी ठरवता येते. खर्च आणि जागा दोन्ही वाढतात, हे उघड आहे.

प्रश्न: जुन्या प्रकल्पात फक्त रनर बदलून फायदा होईल का? (एक वाचक)

उत्तर: होतो, आणि पैशाच्या मानाने तो चांगला असतो, पण नवा रनर जुन्या घरात नांदवायचा असतो. रनर खालच्या जलाशयाच्या पातळीपेक्षा किती खोल बसवला आहे, हे बांधकामाच्या वेळीच ठरलेले असते. ती खोली अपुरी ठरेल असा रनर निवडला, तर कॅव्हिटेशनमुळे, म्हणजे कमी दाबाच्या जागी पाण्यात बुडबुडे होऊन ते फुटल्यामुळे, पाती खरवडली जातात. सर्वाधिक उंचीवर पंप अस्थिर होत नाही ना, हेही प्रतिकृतीवर चाचणी करून पाहावे लागते. नुसत्या संगणकीय आकडेमोडीवर मी तरी विसंबणार नाही. बोगद्यातील घर्षणाची घट प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेळ हाताशी असेल आणि एकाच बोगद्यावर अनेक संच असतील, तर सर्व एकदम लावण्याऐवजी निम्मे संच दुप्पट वेळ चालवल्याने, रनर न बदलताही, थोडी बचत होते.

यंत्रात वाया गेलेली ऊर्जा पाणी तापवते, म्हणून नवा रनर बसवल्यावर सुधारणा पाण्याच्या तापमानावरून मोजायची तर थर्मामीटर फार नाजूक लागतो. ४२७ मीटर उंचीवरून आलेल्या पाण्याची सर्व ऊर्जा उष्णतेत गेली, तरी ते सुमारे १ अंश सेल्सियसच तापते. म्हणजे तेवढ्या उंचीवर कार्यक्षमतेतील १ टक्क्याचा फरक तापमानात अंशाच्या शंभराव्या भागाएवढाच दिसतो.