शून्य मीटरवरून निघणाऱ्यास

प्रिय मित्रा,

तू पाठवलेला तक्ता वाचला. पाच जण, नेपाळमधला अन्नपूर्णा बेस कॅम्प, माणशी तीस हजार, मडगाव ते मडगाव तेरा दिवस. पैशांचं गणित थोडं ओढून बसवता येईल. दिवसांचं बसणार नाही, म्हणून आधी तेच बोलू.

रेल्वेने जायचं तर मडगावहून मुंबई एक रात्र, मुंबईहून गोरखपूर दीड-दोन दिवस, मग सुनौलीची सीमा ओलांडून पोखरा. एका बाजूला चार दिवस धर. म्हणजे तेरातले आठ प्रवासात गेले आणि डोंगराला उरले पाच. म्हणूनच तुझ्या तक्त्यात पहिली रात्र छोमरोंग, दुसरी देउराली, तिसरी थेट बेस कॅम्प असं आलं आहे. छोमरोंग २,१७० मीटरवर, देउराली ३,२०० च्या आसपास, बेस कॅम्प ४,१३० वर. दोन दिवसांत जवळजवळ दोन हजार मीटर चढून तिथे झोपायचं, आणि तेही ज्यांची आयुष्यभराची झोप समुद्रसपाटीला झाली आहे अशा पाच जणांनी!

४,१३० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो. प्रत्येक श्वासात प्राणवायूही तेवढाच कमी. शरीर याची सवय करून घेतं, पण त्याला रात्री लागतात. तुमच्यातला एक जण रोज मिरामारला दहा किलोमीटर धावतो, हे चांगलंच आहे. पण विरळ हवेपुढे त्या धावण्याचा उपयोग नाही. उलट दमदार माणूस भराभर वर जातो आणि आधी आडवा होतो. नियम साधा आहे: तीन हजार मीटरच्या वर झोपण्याची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही. दिवसा कितीही चढा, मोजायची ती रात्रीची उंची.

त्याप्रमाणे तक्ता असा होतो. पोखऱ्याहून जीपने झिनूच्या लांबलचक झुलत्या पुलाच्या अलीकडे उतरून पहिली रात्र छोमरोंग. दुसरी दोभान, साधारण २,६०० मीटर. तिसरी देउराली. चौथी माछापुछ्रे बेस कॅम्प, ३,७००. पाचव्या दिवशी सकाळी दोन-तीन तासांत अन्नपूर्णा बेस कॅम्प आणि मुक्काम तिथेच. उतरताना सहावी रात्र बांबू नावाच्या मुक्कामी, सातवी झिनू, आठव्या दिवशी पोखरा. झिनूला नदीकाठी गरम पाण्याचे झरे आहेत. गुडघ्यांना ते द्यायलाच हवेत. पावसासाठी किंवा कोणाच्या डोकेदुखीसाठी एक दिवस राखीव. एकूण सतरा. वाढलेल्या चार दिवसांचे माणशी सहा-सात हजार जास्त लागतील. रजा तेवढी मिळतच नसेल तर बेस कॅम्प सोडा आणि घोरेपानी-पुनहिल करा. पुनहिल ३,२१० मीटर, झोपायचं घोरेपानीला २,८६० च्या आसपास, चार दिवसांत नीट होतो. सूर्योदयाला धौलागिरी आणि अन्नपूर्णा दोन्ही समोर. यात कमीपणा काही नाही.

आता बूट. गोव्यातल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागतं. बऱ्याच ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात मधला मऊ थर पॉलियुरेथेनचा असतो. दमट हवेत तो आतल्या आत विरघळत जातो. न वापरता कपाटात ठेवलेल्या बुटात तर जास्तच, कारण चालताना दाबून ओल बाहेर पडते, पडून राहिल्यावर पडत नाही. वरून बूट नवा दिसतो आणि तिसऱ्या दिवशी तळवा जिभेसारखा लोंबू लागतो. दोन पावसाळे कपाटात काढलेला बूट घे, तळव्याच्या मधल्या थरात अंगठ्याचं नख रोव. खळगा तसाच राहिला, भुगा सुटला किंवा बूट वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर तो बूट न्यायचा नाही. चांभाराकडून नुसता चिकटवून उपयोग नाही, कारण डिंक धरायला खाली थरच उरलेला नसतो. सॅकच्या आतला लेपही असाच चिकट होऊन सालपटासारखा निघतो. आत हात फिरवून बघ. तरीही सॅकमध्ये तीन मीटर मजबूत दोरी आणि पाण्याच्या बाटलीला गुंडाळलेली डक्ट टेप असू दे.

नवे बूट घेतलेस तर संध्याकाळी घे, पाय थोडे सुजलेले असतात तेव्हा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी. उतारावर पाय पुढे सरकून नखं काळी पडतात, म्हणून नखं आधी कापायची आणि उतरण्याआधी घोट्याजवळची नाडी पुन्हा आवळायची.

सरावाला पारोड्याचा चंद्रनाथाचा डोंगर पुरेसा आहे. आठवड्यातून दोनदा, पाठीवर आठ किलो घेऊन, आठ आठवडे. चढण्यापेक्षा उतरण्याकडे लक्ष दे: छोमरोंगच्या पायऱ्या उतरायच्या, नदी ओलांडायची, पुन्हा सिनुवाला चढायचं आणि परतीला हेच उलट. मांड्या तिथे बोलतात. महिन्यातून एकदा सत्तरी तालुक्यातल्या वाघेरीच्या डोंगरावर दिवसभर चाला, म्हणजे सॅकचा पट्टा कुठे घासतो ते घरीच कळेल.

कपड्यांत आपली एक सवय आड येते. आपल्याला सुती गंजीशिवाय चैन पडत नाही. वर घामाने भिजलेली सुती गंजी वाळत नाही आणि थांबलास की अंगातली ऊब ओढून घेते. चालताना अंगाला लागून असलेला कपडा सिंथेटिक किंवा लोकरीचा. त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. पिसांचं जाकीट आणि उणे पाचपर्यंत ऊब देणारी स्लीपिंग बॅग विकत घेऊ नकोस. पोखऱ्याला लेकसाइडवर दोन्ही भाड्याने मिळतात आणि गोव्यात परत आणून ठेवली तर बुरशी खाईल. घेताना चेन दोनदा उघडझाप करून बघ. सगळं मिळून सॅक नऊ किलोच्या वर नको. रात्री गरम पाण्याची घट्ट झाकणाची बाटली आणि फोन, दोन्ही स्लीपिंग बॅगमध्ये. थंडीत फोनची बॅटरी बघता बघता उतरते.

कागदपत्रं. भारतीयाला नेपाळला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र हवं. तुमच्या वयाला आधार चालत नाही. पण पाचांपैकी एकाकडे पोर्तुगीज पासपोर्ट आहे असं तू लिहिलं आहेस. तो नेपाळच्या दृष्टीने युरोपियन. त्याला सुनौलीला भारतातून निघाल्याचा शिक्का आणि पलीकडे व्हिसा, दोन्ही घ्यावे लागतील. पंधरा दिवसांचा व्हिसा ३० डॉलर, तीस दिवसांचा ५०. रोख डॉलर जवळ ठेवायला सांग. येताना ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या माणसाचं) विसरला तर सीमेवर अडकेल. अन्नपूर्णा क्षेत्राच्या परवान्याला तुम्हा चौघांना प्रत्येकी एक हजार नेपाळी रुपये, त्याला तीन हजार. फंड काढताना हे आधीच बोलून घ्या, नाहीतर पोखऱ्याच्या काउंटरवर उगाच तोंडं वाकडी होतात. परदेशी ट्रेकर्सनी परवानाधारक गाइड घ्यावा असा नियम एप्रिल २०२३ पासून आहे. पाच जणांत एक गाइड जड जात नाही, आणि ऑक्टोबरच्या गर्दीत लॉजवर खाट त्याच्या फोनमुळे मिळते.

आपला एक रुपया म्हणजे नेपाळी एक रुपया साठ पैसे, हा दर बांधलेला आहे. शंभराच्या नोटा ने, बाकी पोखऱ्यात बदल. वर एटीएमच्या भरवशावर राहायचं नाही. खोली स्वस्त मिळते ती रात्रीचं आणि सकाळचं जेवण तिथेच घेण्याच्या बोलीवर. स्वस्त खोली घेऊन सॅकमधली मॅगी शिजवून मागणं हा अपमान समजतात, आणि बरोबरच आहे. गावागावात दर ठरवून छापलेले असतात, जेवणात घासाघीस चालत नाही. वरती सगळं पाठीवरून येतं, म्हणून उंचीबरोबर दर चढतो. जेवण-खोली मिळून दिवसाला माणशी अडीच ते तीन हजार नेपाळी धर. पैसे वाचतात ते दालभात खाऊन, कारण भात, डाळ, भाजी पुन्हा वाढतात. पिझ्झा पुन्हा वाढत नाहीत. गरम पाण्याची अंघोळ, चार्जिंग, वायफाय यांचे पैसे वेगळे. पॉवर बँक घरून भरून ने.

नुस्त्यावाचून, म्हणजे मासळीवाचून, दहा दिवस काढावे लागतील. मिस्कुटाची, म्हणजे आपल्या कैरीच्या लोणच्याची, छोटी बाटली ने, डाळीबरोबर छान लागतं. सुक्या सुंगटांची (कोळंबीची) किसमूर नेणार असाल तर छोमरोंगला संपवा. पुढचं खोरं पवित्र मानतात, सिनुवाच्या वर मांस नेत नाहीत. माछापुछ्रेच्या शिखरावर त्याच भावनेने कोणाला चढू देत नाहीत. पोट बिघडलं तर मऊ भात मागून त्यात गरम पाणी आणि मीठ घाल, झाली पेज. छोमरोंगच्या वर प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी विकत नाहीत, लॉजवर गाळलेलं भरून देतात. दिवसाला तीन-चार लिटर प्यायचं. फेणी मात्र मडगावातच राहू दे. दारूने रात्रीचा श्वास मंदावतो आणि सकाळची डोकेदुखी कशाची ते कळेनासं होतं.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे विरळ हवेच्या त्रासावरच्या गोळीबद्दल, विचारलंस. प्रतिबंधासाठी साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, उंची सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून. पण आधी डॉक्टरांना विचारून, आणि कोणाला सल्फाची ॲलर्जी असेल तर ते त्यांना सांगून. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोडा बेचव लागतो. त्याला घाबरायचं नाही. गोळी घेतली म्हणून तक्ता आखडायचा नाही.

डोकं दुखतंय आणि जेवण नको वाटतंय, तर त्या रात्री वर जायचं नाही, आहे तिथेच राहायचं. वाढत गेलं तर खाली. रोज संध्याकाळी एकमेकांना सरळ रेषेत, टाचेला बोटं लावून, दहा पावलं चालायला लावा. जत्रेतून झिंगून आलेल्यासारखा कोणाचा तोल गेला, किंवा बसल्या जागी धाप लागून खोकला सुरू झाला, तर सकाळची वाट बघू नका. मेंदूत किंवा फुप्फुसात पाणी साठतंय. टॉर्च लावा, दोघं त्याच्याबरोबर, गाइड पुढे, आणि किमान पाचशे मीटर खाली. बेस कॅम्पवर हे झालं तर माछापुछ्रे बेस कॅम्पला थांबू नका, ते फक्त चारशे मीटर खाली आहे; देउराली गाठा. विमा घेताना पॉलिसीत ट्रेकिंगची उंची किती मीटरपर्यंत लिहिली आहे ते वाच. ४,१३० त्यात बसलं पाहिजे आणि हेलिकॉप्टरही.

चालताना सगळ्यात हळू माणूस पुढे. मागे राहिला की तो धापा टाकत पोचतो तेव्हा बाकीच्यांची विश्रांती संपलेली असते, आणि दुखणं लपवायची सुरुवात तिथेच होते. देउरालीच्या पुढे वरच्या उतारावरून हिमकडे येतात, जानेवारी ते मार्च जास्त. तिथे फोटोला रेंगाळायचं नाही, सकाळी लवकर पार व्हायचं.

तारीख ठरवताना दसरा टाळा. नेपाळमध्ये तेव्हा दशैं असतो, गाड्या भरतात, कचेऱ्या बंद. तो कोजागिरीला संपतो. कोजागिरीनंतर निघालात तर आकाशही स्वच्छ. रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे चतुर्थीच्या गडबडीत तारीख चुकू देऊ नकोस.

नवा तक्ता पाठव. त्याआधी पाचही जणांचे बूट बाहेर काढून नख रोवून बघा, आणि कोणाचे गेले ते कळव.

तुझा,
डोंगरातला काका