नवऱ्याला इंग्लंडला न्यायचंय, पगार आडवा येतोय

प्रश्न: ताई, बायको ब्रिटिश नागरिक आहे, लेस्टरला गोडाऊनमध्ये काम करते, वर्षाला २४ हजार पौंड, मुलगी तिच्याजवळच असते. मी नाशिकला. मला तिथे जोडीदाराचा व्हिसा हवाय, त्यासाठी वर्षाला ठरावीक किमान कमाई दाखवावी लागते म्हणतात. त्यात माझा इथला पगार धरत नाहीत का?

उत्तर: नाही हो दादा, तुम्ही भारतातून अर्ज करताय तर तुमची इथली कमाई त्यात धरत नाहीत, हाच मोठा अन्याय आहे. २०१२ ला ही किमान कमाईची अट आली तेव्हा वर्षाला १८,६०० पौंड होती, एप्रिल २०२४ मध्ये एकदम २९,००० केली, आणि पगार कमी पडला तर बचत दाखवा म्हणतात, निव्वळ बचतीवर ८८,५०० पौंड, गोडाऊनमध्ये राबणारी बाई कुठून आणणार एवढे? परत एकटीने पोर सांभाळायचं म्हणजे ओव्हरटाइमही होत नाही, नवरा असता तर झाला असता.

तरी धीर सोडू नका. दोन नोकऱ्यांचा पगार एकत्र दाखवता येतो. आणि २०१७ च्या तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मुलांचं हित बघणं नियमात आलंय, तेव्हा मुलीचे शाळेचे, डॉक्टरांचे कागद नीट जोडा, आणि अर्ज भरण्याआधी तिथल्या अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराला नक्की दाखवा, कारण नकार आला तर फी बुडते.