टाकी भरून वाहतेय, आरटीओएस टाकू का?

प्रश्न: नमस्कार सर, मी इलेक्ट्रॉनिक्स डिप्लोमाला आहे. ईएसपी३२ या मायक्रोकंट्रोलर चिपवर शेतातल्या मोटरचा कंट्रोलर बनवलाय, टाकी भरली की रिले बंद होतो आणि घरी एसएमएस जातो. पण जीएसएम मॉड्यूल रेंज शोधत बसलं की अख्खा प्रोग्राम तिथेच अडकतो अन् पाणी वाहत राहतं. मित्र म्हणतो फ्रीआरटीओएस ही आरटीओएस (रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम) टाक, फास्ट होईल. खरंय का? आणि पुढे विकायचं ठरलं तर पैसे भरावे लागतील का?
– एक वाचक, तासगाव

उत्तर: फास्ट नाही होणार रे, चिप तीच आहे, उलट एका टास्कवरून (प्रोग्राममधल्या स्वतंत्र कामावरून) दुसऱ्यावर जाण्यात थोडा वेळ जातोच. फायदा असा की ज्या कामाला उशीर चालत नाही त्याची वेळ आली की बाकीचं जिथल्या तिथे थांबतं आणि आधी ते काम होतं, तुला नेमकं हेच हवंय. आणि वेगळं काही टाकायचं पण नाहीये, ईएसपी३२ वर आर्डुइनोचा लूप (प्रोग्रामचा सतत फिरणारा भाग) मुळात फ्रीआरटीओएसच्या टास्कमध्येच चालतो!

दोन टास्क कर. पातळी बघून रिले बंद करणाऱ्या टास्कला प्रायॉरिटी ३ दे, जीएसएमला १, इथे मोठा आकडा म्हणजे जास्त मान. पातळीवाल्या टास्कमध्ये प्रत्येक फेरीला डिले हवाच, नुसता व्हाइल लूप फिरत ठेवलास तर चिपमधल्या त्या कोअरवरच्या (प्रोसेसरवरच्या) खालच्या टास्कला कधी वेळच मिळणार नाही. एसएमएसचा निरोप ग्लोबल व्हेरिएबलमधून नको, क्यू (निरोपांची रांग) वापर. स्टॅक (प्रत्येक टास्कची कामापुरती मेमरी) देताना बघ, मूळ फ्रीआरटीओएसमध्ये तो वर्डमध्ये (काही बाइटच्या गटात) मोजतात, ईएसपीवर बाइटमध्ये, त्यामुळे दुसरीकडचा आकडा उचलून टाकला की स्टॅक कमी पडतो अन् बोर्ड रीसेट होत बसतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. दोन टास्क एकच सिरीयल पोर्ट वापरणार असतील तर म्युटेक्स (एका वेळी एकाच टास्कला वापरू देणारं कुलूप) लाव, बायनरी सेमाफोर (टास्कला इशारा द्यायचा साधा झेंडा) नको. का, ते एका उदाहरणातून सांगतो. १९९७ मध्ये मंगळावर उतरलेलं पाथफाइंडर यान पुन्हा पुन्हा रीसेट व्हायचं. खालच्या प्रायॉरिटीच्या टास्कने म्युटेक्स धरून ठेवलेला, मधल्या प्रायॉरिटीची टास्क तिला चालूच देत नव्हती, आणि सगळ्यात वरची टास्क त्या म्युटेक्ससाठी ताटकळत राहून तिची वेळ चुकत होती. तिथली सिस्टीम व्हीएक्सवर्क्स, ती ओपन सोर्स नाही, पण घोळ कुठल्याही आरटीओएसमध्ये होऊ शकतो. शेवटी पृथ्वीवरून प्रायॉरिटी इनहेरिटन्स चालू केलं तेव्हा थांबलं, म्हणजे म्युटेक्स धरणाऱ्याला तेवढ्यापुरती वाट बघणाऱ्याची प्रायॉरिटी मिळते. फ्रीआरटीओएसच्या म्युटेक्समध्ये ही सोय आहेच, बायनरी सेमाफोरमध्ये नाही.

पैशांचं म्हणशील तर काही लागत नाही. रिचर्ड बॅरी यांनी २००३ च्या सुमारास हे सुरू केलं, २०१७ पासून अमेझॉन सांभाळतं, लायसन्स एमआयटी, म्हणजे मोकळ्या वापराचं आहे, बिनधास्त विक, फक्त लायसन्सचा मजकूर सोबत ठेव. झेफिर ही दुसरी आरटीओएस पण चांगलीय, २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनकडे आहे, पण डिव्हाइस ट्री (हार्डवेअरचं वर्णन लिहायची पद्धत) वगैरे शिकण्यात तुझे महिने जातील, आणि तिथे प्रायॉरिटी उलटी, लहान आकडा मोठा. या कामासाठी मी तिकडे जाणार नाही.

आणि एक, टाकीत साधा फ्लोट स्विच टाकून तो स्टार्टरच्या कॉइलच्या लाइनमध्ये सिरीजमध्ये लाव, इलेक्ट्रिशियनकडूनच करून घे. उद्या बोर्डच हँग झाला तरी मोटर बंद झालीच पाहिजे.