तह, युती, आघाडी आणि विसरलेला संश्रय

नाशिकरोडच्या एका कॉलेजातल्या पोराने विचारलंय की वादविवाद स्पर्धेला विषय आलाय, "युद्धात असलेल्या देशाने लष्करी युतीत सामील व्हावे का", तर यात युती बरोबर की आघाडी की तह, कारण सर म्हणाले काहीही चालतं. सरांना नमस्कार, पण काहीही चालत नाही.

आधी तह. रोज रात्री टीव्हीवर कुणीतरी बोंबलतं, युक्रेन नाटोशी (म्हणजे अमेरिका आणि युरोपातल्या देशांच्या लष्करी गटाशी) तह करणार! अरे तह भांडण मिटवायला करतात, युक्रेनचं नाटोशी भांडण झालं कधी? रशियाशी आहे, तह झालाच तर तिकडे होईल. युती ग्रहांची ठीक आहे, बाकी आता युती म्हटलं की जागावाटपच डोळ्यापुढे येतं. आणि आघाडी म्हणजे मुळात लढाईतली पुढची फळी, तिथे तो देश आधीच मार खात उभा आहे, त्याला अजून कुठल्या आघाडीत धाडताय?

शब्द आपल्याकडे पडून आहे, संश्रय. कौटिल्याने राजाला सहा मार्ग दिले, संधी (तह), विग्रह (युद्ध), आसन (गप्प बसणं), यान (चाल करून जाणं), संश्रय आणि द्वैधीभाव (एकाशी तह, दुसऱ्याशी लढाई), त्यातला हा पाचवा. धातू श्रि, म्हणजे टेकणं, आधाराला रेलणं, त्यातूनच आश्रय आणि आश्रित (आश्रम मात्र नाही हं, तो श्रम वरून, पंचवटीत हे कितीदा सांगितलं तरी कुणी ऐकत नाही). आणि व्याख्या किती रोखठोक, "परार्पणं संश्रयः", स्वतःला दुसऱ्याच्या हवाली करणं! शिवाय अट घातलीय की ज्याच्यावर टेकायचं तो शत्रूपेक्षा बळकट हवा. कोशवाले 'संश्रय म्हणजे आश्रय' एवढं लिहून मोकळे होतात, त्यात सगळी गंमतच गेली. काही विद्वान म्हणतात नाटोत सगळे सभासद समान, तिथे हा शब्द कसा लागेल. कागदावर समान असतील हो, अमेरिका बाजूला काढून बघा म्हणजे कोण कोणावर रेललंय ते कळेल.

आता आपल्या नाशिकच्या आनंदवल्लीचंच घ्या. तिथे वाडा बांधून राहिलेले राघोबादादा पेशवाईच्या भांडणात हरत आले तेव्हा ६ मार्च १७७५ ला मुंबईकर इंग्रजांवर टेकले, बदल्यात मुंबईलगतचं साष्टी बेट आणि वसई देऊ केली. (याला सुरतेचा तह म्हणतात, म्हणोत, पडलेल्या नावाला मी काय करणार, होता तो संश्रयच. आणि राघोबा देश नव्हता, दावेदार होता, हेही मला कुणी शिकवू नये.) मुंबई हो म्हणाली, पण वरच्या कलकत्त्याने, म्हणजे इंग्रजांच्या तिथल्या मुख्य सरकारने, तो करारच रद्द केला आणि १७७६ ला पुरंदरला पुणेकरांशी बोलणी केली. पुढे परत लढाई होऊन १७८२ ला सालबाईला मिटलं तेव्हा राघोबांच्या हाती पेन्शन आली आणि साष्टी इंग्रजांनी ठेवून घेतली. परार्पण म्हणतात ते हे.

हां, तुझा विषय राहिलाच. नाटोत घ्यायला सगळ्या ३२ सभासदांचा होकार लागतो, म्हणजे कलकत्ता एक नाही, बत्तीस. त्यात कलम ५ म्हणतं एकावरचा हल्ला तो सगळ्यांवरचा, त्यामुळे लढाई चालू असलेल्याला आत घेणं म्हणजे आल्या दिवशी ती आपल्या घरात घेणं, म्हणून सप्टेंबर २०२२ ला अर्ज करूनही युक्रेन बाहेर आणि लढाईत नसलेला फिनलंड एप्रिल २०२३ ला आत. तेव्हा जावं का यापेक्षा घेतील का हे आधी विचार. आणि विषय असा लिही, "युद्धात असलेल्या देशाने संश्रय करावा का", परीक्षकांनी भुवया उंचावल्या तर आनंदवल्लीपासून सुरुवात कर.