‘लोकप्रिय विज्ञान’ की ‘सुबोध विज्ञान’?

प्रश्न असा आहे: भौतिकशास्त्रज्ञ सामान्य वाचकांसाठी जी पुस्तके लिहितात, त्यांना ‘लोकप्रिय विज्ञान’ म्हणणे बरोबर आहे का?

शब्द रुळला आहे खरा, पण मला तो पटत नाही. मराठीत लोकप्रिय म्हणजे लोकांना आवडणारा: लोकप्रिय गायक, लोकप्रिय मालिका. आवडले की नाही, हे पुस्तक वाचकांच्या हाती पडल्यावर ठरते. मग कालच छापून आलेल्या पुस्तकाला लोकप्रिय कसे म्हणायचे? इंग्रजी ‘पॉप्युलर’ला ‘सर्वसामान्यांसाठीचा’ असाही अर्थ आहे. भाषांतरात तो निसटला.

माझी पसंती ‘सुबोध विज्ञान’ला. आइन्स्टाइन यांनी सापेक्षतेवर सामान्य वाचकांसाठी लिहिलेले छोटे पुस्तक १९१७ साली जर्मनमध्ये निघाले. त्याच्या मुखपृष्ठावर ‘गेमाइनफेरश्टेंडलिश’ असा शब्द होता. म्हणजे सर्वांना समजेल असे. १९२० च्या इंग्रजी भाषांतरात त्याच जागी ‘पॉप्युलर’ आला. आपण मूळ जर्मनवरून शब्द घडवला असता, तर तो ‘सुबोध’च्या अगदी जवळ गेला असता!

सुबोध म्हणजे सोपे नव्हे, हे मात्र आवर्जून सांगायला हवे. भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांचे प्रकाश आणि द्रव्य यांच्या परस्परक्रियेवरचे १९८५ चे पुस्तक पाहा. विषय क्वांटम इलेक्ट्रोडायनॅमिक्स, म्हणजे याच परस्परक्रियेचा सिद्धांत, आणि त्याचे गणित संमिश्र संख्यांचे, म्हणजे वास्तव आणि काल्पनिक असे दोन भाग असलेल्या संख्यांचे. फाइनमन त्या संख्यांऐवजी कागदावर छोटे बाण काढतात. एका बाणाच्या टोकाला दुसऱ्याचे शेपूट जोडायचे, पहिल्या शेपटापासून शेवटच्या टोकापर्यंत नवा बाण काढायचा. त्याच्या लांबीचा वर्ग म्हणजे ती घटना घडण्याची संभाव्यता. यात खोटे काही नाही, गाळलेलेही फारसे नाही. बाणांची बेरीज ही संमिश्र संख्यांचीच बेरीज आहे. विषय होता तितकाच अवघड राहतो, मांडणी मात्र उलगडत जाते. धर्मग्रंथांच्या ‘सुबोध’ आवृत्त्यांमुळे ही अर्थच्छटा मराठी वाचकाच्या ओळखीची आहेच.

‘लोकविज्ञान’ हा पर्याय इथे चालणार नाही. लोकगीत, लोककला यांतला ‘लोक’ लोकांतून उपजलेले सुचवतो, शिवाय लोकविज्ञान चळवळीने त्या शब्दाला स्वतःचा अर्थ दिला आहे.

‘विज्ञान लोकप्रिय करणे’ या प्रयोगाला माझी हरकत नाही. त्यासाठीच युनेस्कोचा कलिंग पुरस्कार आहे. १९५२ चा पहिला पुरस्कार भौतिकशास्त्रज्ञ लुई द ब्रॉय्ली यांना मिळाला, १९९६ चा जयंत नारळीकर यांना. नारळीकरांनी विज्ञान लोकप्रिय केले, असे खुशाल लिहावे. त्यांच्या लेखनाला मात्र सुबोध म्हणावे.