'अंडर प्रेशर'साठी दुसरा गायक लागतोच का?

तुमचा प्रश्न असा: फोंड्यातला चार जणांचा बँड, गायक एकच, 'अंडर प्रेशर' बसवायचंय, पण गाणं दोघांचं, मग नाद सोडावा का?

अजिबात सोडू नका. क्वीन हा इंग्लिश रॉक बँड आणि गायक डेव्हिड बोवी यांचं हे गाणं ऑक्टोबर १९८१ मध्ये आलं, इंग्लंडात एक नंबरला गेलं, आणि क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी व बोवी हे दोघे ते लोकांसमोर एकत्र कधीच गायले नाहीत. १९८५ च्या लाइव्ह एड या मदतनिधीच्या कॉन्सर्टला लंडनच्या वेम्बलीत एकाच संध्याकाळी दोघेही होते, तरी नाही! नोव्हेंबर १९८१ मध्ये मॉन्ट्रियलला क्वीनने ते बोवीशिवाय वाजवलं, आणि १९८६ पर्यंत वाजवत राहिले. बोवीच्या बऱ्याचशा ओळी फ्रेडीच घ्यायचा, वरच्या सुरांना ड्रम्सवरून क्वीनचा ड्रमर रॉजर टेलर. बोवीने स्टेजवर या गाण्याला हात लावला तो फ्रेडी गेल्यावर, एप्रिल १९९२ च्या श्रद्धांजली कॉन्सर्टमध्ये, ॲनी लेनॉक्सबरोबर. पुढे १९९५ पासून बोवीच्या दौऱ्यांत फ्रेडीची बाजू गेल ॲन डॉर्सी गायची, तीही बेस गिटार वाजवत. यूट्यूबवर तिला नक्की बघा. मी स्वतः बेसवाला, लग्नांच्या रिसेप्शनला वाजवतो. गाताना बोटं चुकू न देणं किती जड जातं ते मला विचारा.

वास्कोच्या सप्ताहात भजन एका पथकाकडून दुसऱ्याकडे जातं पण खंड पडत नाही, तसं या गाण्याचं झालंय. तेव्हा तुमच्यात दुसरा आवाज कोणाचा ते आधी शोधा. कीबोर्डवाला किंवा ड्रमर थोडाफार गातोच. खालच्या, बोलल्यासारख्या ओळी त्याला द्या. वरचं फॉल्सेटो, म्हणजे पातळ केलेल्या आवाजातले उंच सूर, गायकाकडे. गायकाला ते झेपत नसेल तर सरळ पट्टी उतरवा, लाज कसली.

बेसची ओळ म्हणजे नुसता सा आणि खालचा पंचम. कठीण आहे ती पंचमानंतरची मोकळी जागा. ड्रमरचे हात तिथे शिवशिवतात, छोटा रोल घुसवतो आणि गाणं कोसळतं. त्याला बजावून ठेवा.

मध्ये सगळं शांत होऊन फक्त चुटक्या उरतात ना, त्याची तालीम साउंडवाल्यासकट करा. एका लॉनवर आमच्या साउंडवाल्याला वाटलं लाइन गेली. त्याने फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) वर ढकलला आणि पुढच्या सुराला माइकने अशी किंकाळी मारली की नवरी दचकली.

उघड्यावर वाजवणार असाल तर हे शेवटचं ठेवू नका. दहाला स्पीकर बंद करावे लागतात, आणि यजमान पावणेदहापासूनच घड्याळ दाखवत फिरायला लागतात. साडेनवाच्या आत उरकून घ्या.