विजरई म्हणजे आडनाव की हुद्दा?

प्रश्न असा आहे की संभाजी महाराजांच्या गोवा स्वारीबद्दल वाचताना सारखा "विजरई" येतो, तर हे त्या माणसाचं आडनाव आहे का, आणि गोव्याचा गव्हर्नर म्हणजेच विजरई का.

आडनाव नाही, हुद्दा आहे. पोर्तुगीजमध्ये रेइ म्हणजे राजा आणि व्हिस-रेइ म्हणजे राजाच्या वतीने कारभार बघणारा, त्याचंच आपल्याकडे विजरई झालं. १६८३ च्या स्वारीच्या वेळी कोंद द आल्व्होर हा विजरई होता, त्यातलं कोंद सुद्धा नाव नाही, तो सरदारकीचा किताब. काहीजण याला इंग्रजी व्हाइसरॉयचा अपभ्रंश समजतात ते अजिबात पटण्यासारखं नाही, हिंदुस्थानात इंग्रजांचा पहिला व्हाइसरॉय कॅनिंग, तो १८५८ चा, आणि पोर्तुगीजांचा पहिला विजरई आल्मैदा १५०५ मध्येच आलेला.

आता गव्हर्नर. काम तेच पण मान कमी. विजरई हा किताब राजा निवडक लोकांनाच द्यायचा, बाकीचे नुसते गव्हर्नर. १५१० मध्ये गोवा घेणारा, पुढच्या वर्षी मलाक्का (आजच्या मलेशियातलं बंदर) घेणारा आल्बुकर्क शेवटपर्यंत गव्हर्नरच राहिला, त्यामुळे "विजरई आल्बुकर्क" असं कुठे दिसलं तर ते चूक आहे.

हुद्दा एवढा वजनदार का होता तर अंतरामुळे. जहाजं लिस्बनहून मार्च-एप्रिलला निघायची ती मोसमी वारे धरून सप्टेंबरच्या आसपास इकडे पोचायची आणि परत निघायची डिसेंबर-जानेवारीत, म्हणजे गोव्याहून एक गोष्ट विचारली तर उत्तर यायला दीड-दोन वर्षं सहज. तोवर आफ्रिकेतल्या मोझांबिकपासून चीनच्या किनाऱ्यावरच्या मकावपर्यंतचे किल्ले आणि बंदरं एका माणसाच्या हुकमात. जमीन त्या मानाने थोडीच, खरा जोर समुद्रावर, कार्ताझ नावाचा परवाना नसलेलं जहाज दिसलं की सरळ जप्त, मुघलांच्या हजला जाणाऱ्या जहाजांनाही तो परवाना घ्यावा लागायचा! इतकी सत्ता हातात आली की माणूस डोईजड होणार हे राजाला कळत होतं, म्हणून नेमणूक साधारण तीनच वर्षांची.

आणि तो मधेच मेला तर? त्यासाठी राजा वारसाचं नाव लिहून मोहरबंद पत्रं आधीच पाठवायचा. मला तर या सगळ्या कारभारातला हाच भाग सगळ्यात भारी वाटतो. वास्को द गामा १५२४ मध्ये विजरई होऊन आला आणि त्याच डिसेंबरात कोचीला वारला, पत्र फोडलं तर त्यात गोव्याच्या कॅप्टनचं, एन्रिक द मेनेझिसचं नाव. तोही १५२६ मध्ये गेला, मग पुढचं पत्र फोडलं, त्यात पेद्रु माश्कारेन्यश, पण तो होता तिकडे मलाक्काला, त्याला यायला कितीतरी महिने लागणार, म्हणून लोकांनी आणखी एक पत्र फोडलं आणि लोपु व्हाझ द सांपायुला बसवलं. माश्कारेन्यश परत आला तर त्यालाच अटक! पुढे पोर्तुगालमध्ये खटला झाला आणि दोषी ठरला सांपायु.

लिहिताना पोर्तुगीजांच्या संदर्भात विजरईच लिहावं, विजरईने, विजरईला असं बिनधास्त चालवावं, आणि इंग्रजांसाठी व्हाइसरॉय ठेवावं.